नऊ महिने मी अप्रेंटिस होतो, असं मला वाटत होतं

आयटीआयचा निकाल लागला तेव्हा आम्ही तिघं मित्र खेडच्या एसटी स्टँडवर वडापाव खात होतो. साल २०२३. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, म्हणजे कारखान्यातली दाब, तापमान मोजणारी उपकरणं सांभाळायचं काम. दोन वर्षांचा. पास झाल्याचा आनंद वडापाव संपेपर्यंत टिकला, कारण पुढचा प्रश्न तिघांनाही ठाऊक होता. अप्रेंटिसशिप कुठे मिळणार? फिटर, इलेक्ट्रिशियनला बरीच दारं असतात. आमच्या ट्रेडला केमिकल कारखाना लागतो, रिफायनरी लागते, निदान बॉयलर आणि कंट्रोल रूम असलेली मोठी फॅक्टरी तरी. आमच्याकडे म्हणजे लोटे-परशुराम, नाहीतर महाड. जागा मोजक्या, आणि त्या निघाल्याचं कळतं तोवर भरलेल्या असतात.

त्याच आठवड्यात बाबांना तो भेटला. शेजारच्या गावचा, लग्नाकार्यात वाढायला सगळ्यांच्या पुढे असणारा. सगळे त्याला दादा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो सुपरवायझर होता. हे त्याने लपवलं नव्हतं. म्हणाला, "मोठी कंपनी आहे, इन्स्ट्रुमेंटला दोन पोरं पाहिजेत अप्रेंटिसला. एक वर्ष. स्टायपेंड सात हजार. शेवटी परीक्षा, मग एनएसी, म्हणजे अप्रेंटिसशिपचं सरकारी सर्टिफिकेट. पंधरा हजार डिपॉझिट भरायचं, एनएसी हातात पडली की परत."

मी अगदीच बावळट नव्हतो. घरी येऊन मोबाइलवर पाहिलं. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड होता. बरोबर तोच आकडा. त्याने वीस हजार सांगितले असते तर मी दचकलो असतो. फसवणारा माणूस आकडा फुगवून सांगतो अशी आपली समजूत असते. ह्याने खरा सांगितला, आणि एक गोष्ट जुळली म्हणून मी पुढचं काही तपासलंच नाही. त्याच पानावर खाली असणार की अप्रेंटिसकडून कसलीही फी घेत नाहीत. तिथपर्यंत मी वाचलं नाही.

बाबांनी पतपेढीतून पैसे काढले. ते आम्ही त्याच्या घरी जाऊन रोख दिले, वहिनींनी चहा केला. बाबांनी चाचरत पावतीचं विचारलं तर तो हसला, "काका, घरातल्या माणसाला पावती?" बाबाच ओशाळले.

मग करार झाला. शंभराचा स्टॅम्प पेपर, वर 'प्रशिक्षणार्थी करारनामा', खाली ठेकेदाराचा गोल शिक्का. मी चार ठिकाणी सह्या केल्या. झेरॉक्स "दोन दिवसांत देतो" म्हणाला, ती आजपर्यंत मिळाली नाही. आता मला माहीत आहे की अप्रेंटिसचा करार असा होतच नाही. तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होतो, थेट कंपनी आणि आपण यांच्यात. त्याला नोंदणी क्रमांक असतो, आणि आपल्या स्वतःच्या लॉगिनमध्ये तो दिसतो. कोणी दादा मध्ये लागत नाही. उलट तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. गरज त्यांनाही असते. मग जागेचे पैसे कसले?

बाकी सगळं खरं होतं, आणि हेच सांगायला मी लिहायला बसलो आहे. खोट्या ऑफिसचा पत्ता, बंद लागणारा फोन, असलं काही झालं नाही. कंपनी खरी, गेट खरं, सेफ्टीचा व्हिडिओ खरा, हेल्मेट खरं. पहिल्या दिवशी मला इन्स्ट्रुमेंट विभागातच सोडलं. कामही ट्रेडचंच होतं, म्हणजे ट्रेडच्या आसपासचं. शिडी धरणं, केबल ओढणं, जंक्शन बॉक्समधली धूळ काढणं, वायरींना नंबरांचे फेरूल लावणं, ट्रान्समीटरची (मोजलेला आकडा कंट्रोल रूमला कळवणारं उपकरण) चोकअप झालेली बारीक नळी, म्हणजे इम्पल्स लाइन, साफ करणं. शटडाउनमध्ये सलग बारा-बारा तास कंट्रोल व्हॉल्व्ह खोलले, त्यांच्या सीट घासून (लॅपिंग) हाताची सालं गेली. घरी सांगायचो, शिकतोय.

शिकतही होतो म्हणा. कंपनीचे एक जुने टेक्निशियन होते, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली. सगळे त्यांना काका म्हणत. ते मला हातपंप आणि मास्टर गेज घेऊन प्रेशर गेज कॅलिब्रेट करायला बसवायचे. आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, दिला की विचारायचे, "शून्य डिग्रीला किती ओहम?" मी म्हणायचो शंभर. "शंभर डिग्रीला?" एकशे अडतीस पॉइंट पाच. मग चहा. एकदा त्यांनी विचारलं की लूपमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरपासून कंट्रोल रूमपर्यंतच्या वायरीत, करंट चार ते वीस मिलिअँपिअरच का, शून्य ते वीस का नाही. मी पुस्तकातलं काहीतरी बडबडलो. ते म्हणाले, "टाकी रिकामी असली तरी ट्रान्समीटर चार देतो. शून्य दिसलं तर टाकी रिकामी नाही समजायचं, वायर तुटली समजायचं. कंट्रोल रूममधल्याला हा फरक कळला पाहिजे, नाहीतर माणसं मरतात." आयटीआयच्या दोन वर्षांत कुणी मला हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

आता खुणा सांगतो. सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

पहिली म्हणजे गेटपास. कंपनीत आणखी चार अप्रेंटिस होते, त्यांचा पास निळा, माझा पिवळा. मला वाटलं विभागाप्रमाणे रंग असेल. माझ्या पासवर ठेकेदाराचं नाव होतं आणि पदाच्या रकान्यात 'हेल्पर'. दादाला विचारलं तर म्हणाला, "सिस्टीममध्ये तसं टाकावं लागतं, तू कामाशी मतलब ठेव."

दुसरी खूण म्हणजे मोबाइलवर आलेला एक मेसेज. दुसऱ्या महिन्यात पीएफ ऑफिसचा एसएमएस आला, यूएएन, म्हणजे माझा पीएफचा नंबर, तयार झाला म्हणून. आईला दाखवला. पोराला पीएफ लागला म्हणून तिने शिरा केला, शेजारी दोन वाट्या दिल्या. हा एसएमएस म्हणजेच मी अप्रेंटिस नसल्याचा पुरावा होता आणि आम्ही त्याचा शिरा खाल्ला.

तिसरी खूण पैशांची, आणि तिचीच मला सगळ्यात लाज वाटते. खात्यात महिन्याला ११,४०० जमा व्हायचे. दादाने पहिल्याच महिन्यात समजावलं होतं, "स्टायपेंड सात हजारच आहे. वरचे ४,४०० ट्रेनिंगचे, ते कंपनीला परत करायचे असतात. रोख दे." पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो गेटबाहेर टपरीवर उभा असायचा. आम्ही सहा-सात पोरं रांगेने नोटा द्यायचो आणि तो वहीत टिक करायचा. ती रक्कम म्हणजे हेल्परच्या कायदेशीर पगारातला आमचाच वाटा होता. कागदावर मी हेल्पर, मला सांगितलेलं अप्रेंटिस, मधला फरक त्याच्या खिशात. दोनदा एटीएममध्ये पैसे नव्हते म्हणून मी फोनवरून पाठवले. तेव्हा तो चिडला होता. का चिडला ते मला नंतर कळलं.

नववा महिना संपत आला होता. काकांनी सहज विचारलं, "तुझी वही कुठाय रे? रोज काय काम केलं ते लिहितोस ना? त्या चौघांच्या मी सह्या करतो, तुझी कधी आली नाही." अप्रेंटिसने आपल्या कामाची नोंद ठेवायची असते, हेच मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी करार नंबर विचारला. मी स्टॅम्प पेपरचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "मोबाइल काढ." पीएफचं पासबुक उघडलं. ठेकेदाराचं नाव, दर महिन्याची नोंद. "अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत बाळा. कायद्याने तो कामगारच नसतो, शिकणारा असतो. तू कॉन्ट्रॅक्ट लेबर आहेस."

मला त्या क्षणी राग आला तो काकांचा. हे आधी का नाही विचारलं, असं वाटलं. त्यांचा काय संबंध होता?

संध्याकाळी दादाला गाठलं. तो जराही गडबडला नाही. "अरे, उपकार मान! अप्रेंटिसला पीएफ नसतो, तुला तोपण दिला. वर्ष पूर्ण कर, अनुभवाचा पक्का दाखला देतो. एनएसी घेऊन काय करणार, अनुभवाला किंमत आहे."

मला ते पटायला लागलं होतं, खरं सांगतो. नऊ महिने गेलेच आहेत, तीन काढू, असं मन म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी एका सरकारी तेल कंपनीच्या अप्रेंटिस भरतीची जुनी जाहिरात दाखवली. अपात्रतेच्या कलमात लिहिलेलं, एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असलेले अर्ज करू शकत नाहीत. अशी अट बऱ्याच जाहिरातींत असते. म्हणजे दादा जो दाखला बक्षीस म्हणून देत होता, त्याच दाखल्याने माझी खरी अप्रेंटिसशिपची वाट बंद झाली असती. काका एवढंच म्हणाले, "वर्ष पुरं होऊ देऊ नकोस."

दहावा महिना भरल्यावर मी सोडलं. पंधरा हजार आणि दहा महिन्यांचे ४४,००० असे ५९,००० गेले. बाबा आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. माझ्यावर नाही, स्वतःवर चिडले होते, पण घरात शांतता ती शांतताच.

तक्रारीचं थोडक्यात. आधी बीटीआरआयमध्ये, म्हणजे अप्रेंटिसची कामं बघणाऱ्या ऑफिसात गेलो. साहेबांनी पोर्टलवर माझं नाव शोधलं, करार नाही. करारच नसेल तर अप्रेंटिस कायद्याखाली तक्रार कशावर घेणार? त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायला सांगितलं, कारण पगारातले पैसे परत घेणं हा वेगळा गुन्हा आहे. तिथे पुरावा मागितला. माझ्याकडे होते ते फक्त फोनवरून पाठवलेले दोन व्यवहार. ठेकेदाराला नोटीस गेली, आणि ते ८,८०० परत मिळाले, "उसने घेतले होते" असं लिहून. बाकीची पोरं सही करायला आली नाहीत. त्यांना अजून तिथेच काम करायचं होतं. डिपॉझिटचं तर नावच नको. पीएफची रक्कम मात्र नंतर नीट काढता आली.

आता मी रोह्याकडे आहे, खऱ्या करारावर. पोर्टलवर नोंदणी स्वतः केली, कंपनीने करार पाठवला, तो माझ्या लॉगिनमध्ये वाचून मीच मान्य केला. एक रुपया लागला नाही. स्टायपेंडचा सरकारी वाटा, १,५०० रुपये, वेगळा थेट खात्यात येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी सवयीने ठेकेदाराचं नाव शोधत होतो. कामाची वही रोज लिहितो, अक्षर वाईट आहे तरी.

काकांना फोन केला होता. करार नंबर वाचून दाखव म्हणाले. दाखवला. पुन्हा एकदा वाच म्हणाले.

गणपतीत घरी गेलो तेव्हा वाडीतला एक मुलगा भेटला, यंदाच पास झालेला, ट्रेड आमचाच. त्याच्याही घरी दादा येऊन गेला होता. एक वर्ष, सात हजार, शेवटी एनएसी, शब्दन्‌शब्द तेच. फक्त डिपॉझिट आता अठरा हजार झालंय.