बातमी खटकली तर विचारायचं कुणाला: पत्रकाराला की वाचक-संपादकाला?

बातमीत काही खटकलं की एकतर बातमीदाराच्या ऑनलाइन प्रश्नोत्तरांत विचारता येतं, नाहीतर वाचकांच्या तक्रारी स्वतंत्रपणे तपासण्यासाठी वर्तमानपत्राने नेमलेल्या वाचक-संपादकाला लिहिता येतं. दोन्हीकडची उत्तरं फार वेगळी असतात.

बातमी कशी मिळाली, कुणाकुणाशी बोलणं झालं, अमुकच आकडा का घेतला, हे खुद्द बातमीदाराइतकं नीट कुणी सांगू शकत नाही. नुसतं कुतूहल असेल तर त्यालाच विचारा. तक्रार असेल तर मात्र त्याची नम्रता आडवी येते. आधी 'छान प्रश्न विचारलात, मनापासून आभार', मग 'तुमची भावना समजू शकतो', मग 'आम्हीही यावर सतत चर्चा करत असतो'. एवढं वाचून झालं तरी मथळा चुकला होता की नाही, ते कळत नाही. उद्धट उत्तर कुणालाच नको आहे. पण वाचकालाही दुखवायचं नाही आणि शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही नाही, म्हटल्यावर स्पष्ट बोलायला जागाच उरत नाही. शिवाय कोणते प्रश्न घ्यायचे, हेही तीच मंडळी ठरवतात.

वाचक-संपादकाला ही भीड नसते. आपल्याच जेसन ब्लेअर या बातमीदाराच्या बनावट बातम्या उघडकीला आल्यावर २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने असं पद निर्माण केलं आणि डॅनियल ओक्रेंट यांना नेमलं. टाइम्स उदारमतवादी वर्तमानपत्र आहे का, असा प्रश्न त्यांनी २००४ मध्ये आपल्या लेखाच्या मथळ्यातच विचारला आणि पहिल्याच ओळीत उत्तर दिलं: अर्थातच आहे. इराकमधल्या कथित संहारक शस्त्रांच्या बातम्यांवरूनही त्यांनी त्याच वर्षी टाइम्सला धारेवर धरलं. प्रश्नोत्तरांत इतकं रोखठोक उत्तर मिळणं अवघडच.

अडचण अशी की हे पद फार थोड्या ठिकाणी आहे. गार्डियनने १९९७ मध्ये ते सुरू केलं, 'द हिंदू'ने २००६ मध्ये. टाइम्सने २०१७ मध्ये ते रद्द केलं. समाजमाध्यमांवरचे वाचकच आता पहारा देतात, असं कारण दिलं. मला ते अजिबात पटत नाही. हजार वाचक ओरडले तरी न्यूजरूममध्ये जाऊन जाब विचारायचा अधिकार त्यांतल्या एकालाही नसतो.

तुमच्या दैनिकात वाचक-संपादक नसेल, तर संपादकाला लेखी कळवा: तारीख, पान, नेमकं वाक्य आणि त्यात काय चुकलं. चूक मान्य आहे की नाही, एवढंच विचारा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते, म्हणून संपादकाला वेळ न घालवता लिहा आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवा.