मायलोमाची शंका: इलेक्ट्रोफोरेसिस की फ्री लाइट चेन?

मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, आहे का हे पाहायला यातली कुठली चाचणी करावी? राजारामपुरीतल्या लॅबमध्ये मामांचं रक्त देताना हाच प्रश्न पडला होता. इलेक्ट्रोफोरेसिस त्यातल्या त्यात स्वस्त. रक्तातली प्रथिनं वेगळी करून ते एकाच साच्यातल्या प्रतिपिंडांचा टोकदार 'एम स्पाइक' दाखवतं. पण काही मायलोमात पेशी पूर्ण प्रतिपिंड बनवतच नाहीत, नुसत्या त्यातल्या हलक्या साखळ्या (लाइट चेन) सोडतात. त्या लघवीवाटे निघून जातात आणि आलेख निर्धोक दिसतो. मला खरी भीती याचीच वाटते. फ्री लाइट चेन चाचणी या साखळ्यांच्या कप्पा आणि लॅम्डा या दोन प्रकारांचं गुणोत्तर मोजते. नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती वर सरकते, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्याच. हाडदुखी आणि रक्तक्षय एकत्र दिसले तर मी दोन्ही चाचण्या करायला सांगेन. निदान पक्कं करायला पुढे अस्थिमज्जेची तपासणी लागतेच.