नवख्यांसाठी रायफल स्पर्धा: एअर रायफल, पॉइंट टू-टू की लांब पल्ला?

क्लबच्या बैठकीत 'नव्या लोकांसाठी एक अचूक नेमबाजीची स्पर्धा घेऊ या' असं एकमताने ठरतं आणि चर्चा लगेच रायफलींवर घसरते. कोणता बोअर (नळीचा व्यास), किती अंतर, पोलादी टार्गेट की कागदी? माझ्या मते सुरुवात दुसरीकडून करावी. फायरिंग लाइनवर तीन तास उभं राहून दुसऱ्याच्या ट्रिगरवरच्या बोटाकडे आणि नळीच्या तोंडाकडे न कंटाळता बघू शकतील अशी किती माणसं त्या दिवशी नक्की येणार आहेत, ते आधी मोजा. 'बघू, जमलं तर येतो' म्हणणाऱ्यांना त्यात धरू नका. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या क्लबात रेंज आणि रायफली असतात, ही माणसं मात्र कायम कमी पडतात. स्पर्धेचा प्रकार त्यांच्या आकड्यावरून निवडला तर दिवस सुरळीत जातो.

पर्याय तीन आहेत. पहिला, १० मीटर एअर रायफल, कागदी टार्गेट, सगळे एका ओळीत. दुसरा, पॉइंट टू-टू रिमफायर म्हणजे ०.२२ इंच बोअरची, लहान काडतुसाची रायफल, २५ ते १०० मीटर, टप्प्याटप्प्याची म्हणजे स्टेजची स्पर्धा: कधी प्रोन म्हणजे पालथं पडून, कधी बॅरिकेडवरून म्हणजे अडथळ्याच्या आधाराने, कधी टायर किंवा शिडीवर रायफल टेकवून. तिसरा, सेंटरफायर म्हणजे मोठ्या, जोरदार काडतुसाच्या रायफली आणि ३०० मीटरच्या पुढचं अंतर.

तिसरा आधी निकालात काढू

लांब पल्ल्याचं आकर्षण मोठं असतं. व्हिडिओंमध्ये तेच दिसतं आणि चौकशीचे फोनही त्याचेच येतात. पण नवख्यांच्या पहिल्या स्पर्धेसाठी मी तो सुचवणार नाही. तीनशे आठच्या (०.३०८ इंच बोअरच्या) रायफलीचा झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, १०० मीटरवर असेल तर ६०० मीटरवर गोळी त्या रेषेच्या जवळपास तीन मीटर खाली जाते. म्हणजे नवख्याला घोडा दाबण्याआधी स्वतःच्या काडतुसाचा वेग, स्कोपचे म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीचे क्लिक आणि वाऱ्याचा हिशोब हे सगळं माहीत हवं. शेजारच्या रायफलीवर मझल ब्रेक (धक्का कमी करणारी, नळीच्या तोंडावरची जोडणी) असेल तर त्याचा धमाका थेट कानशिलावर येतो. पहिल्यांदा आलेला माणूस त्यानंतरच्या प्रत्येक शॉटला डोळे मिटतो, आणि एकदा लागलेली ही सवय मोडायला फार वेळ जातो.

सुरक्षेचे नियमही इथे जास्त कडक लागतात. प्रिसिजन रायफल सिरीजसारख्या, लांब पल्ल्याच्या स्पर्धा घेणाऱ्या संघटना गोळीच्या वेगावर सेकंदाला सुमारे ९७५ मीटरची मर्यादा घालतात, कारण त्याहून वेगवान गोळी पोलादी टार्गेटला खड्डे पाडते आणि खड्डा पडलेलं पोलाद तुकडे कुठेही उडवतं. हत्यार मोठं झालं की चुकीची किंमतही मोठी होते. तुमच्याकडे लांब रेंज असेल तर तिथे वर्षभर जुन्या सभासदांच्या स्पर्धा घ्या. नव्यांना एखाद्या दुपारी स्पॉटिंग स्कोपमागे (गोळी कुठे लागते ते बघायच्या दुर्बिणीमागे) बसवा. वाऱ्याने गोळी कशी वाहवते ते तिथून दिसतं आणि शिकायलाही खूप मिळतं.

माणसांचं गणित

आता उरलेल्या दोन पर्यायांची तुलना एका कागदावर करून बघा. समजा ४० स्पर्धक आहेत.

स्टेज पद्धतीत एका नेमबाजाला १२० सेकंद आणि १० गोळ्या हे प्रचलित प्रमाण आहे. पण घड्याळात दोन मिनिटं दिसली तरी प्रत्यक्षात चार जातात. पुढचा माणूस जागेवर येतो, रेंज ऑफिसर त्याला स्टेज पुन्हा समजावतो, तो मॅगझिन शोधतो, शेवटी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं दाखवून त्यात खुणेचा फ्लॅग लावतो आणि बॅग उचलतो. आठ जणांची तुकडी म्हणजे एका स्टेजला ३२ मिनिटं. पाच स्टेज एकाच वेळी चालू ठेवल्या तर ४० जण दोन तास चाळीस मिनिटांत मोकळे होतात. पण प्रत्येक स्टेजवर दोन माणसं लागतात, एक नेमबाजाच्या खांद्याशी आणि एक स्पॉटिंग स्कोपमागे. ती झाली दहा. शिवाय एक नोंदणीला आणि एक कुठेच न अडकलेला स्पर्धा संचालक. एकूण बारा.

ओळीच्या पद्धतीत दहा लेन धरा. एका रिलेत म्हणजे एका फेरीत साइटर (गुण न धरलेल्या सरावाच्या गोळ्या) आणि २० गोळ्या अर्ध्या तासात होतात. टार्गेट बदलणं, माणसं बदलणं धरून ४५ मिनिटं. चार रिले म्हणजे तीन तास. माणसं लागतात चार: हुकूम देणारा एक रेंज ऑफिसर, लाइनमागे फिरणारे दोन मदतनीस आणि नोंदणी व गुण सांभाळणारा एक.

तेवढेच स्पर्धक, जवळपास तेवढाच वेळ, आणि माणसं एक तृतीयांश.

यावर ठरलेला आक्षेप येतो: 'तुकडीतलेच लोक आळीपाळीने वेळ बघतील, गुण लिहितील.' अनुभवी लोकांच्या स्पर्धेत तसंच चालतं आणि छान चालतं. पण तुकडीत आठपैकी सहा जण पहिल्यांदा आलेले असतील तर त्यांच्याकडे फार तर पेन्सिल द्यावी, खांद्याशी उभं राहण्याचं काम देऊ नये. स्टेज घ्यायच्याच असतील तर प्रत्येक तुकडीत किमान दोन जुने नेमबाज मिसळा आणि ते स्वतः स्पर्धेत असतील तरी त्यांचे गुण वेगळ्या यादीत ठेवा.

एअर रायफल: शांत, स्वस्त, आणि थोडी निर्दय

१० मीटरची बाजू भक्कम आहे. छप्पर असलेली जागा चालते, पावसाचा प्रश्न नाही, आवाज कमी असल्याने मागे उभं राहून हळू आवाजात सूचना देता येतात. बऱ्याच ठिकाणी कायद्याची अटही बंदुकीपेक्षा हलकी असते, पण ते गृहीत न धरता तपासा. चष्मा मात्र इथेही सक्तीचा, कारण छर्रा ट्रॅपच्या (टार्गेटमागच्या, छर्रे अडवणाऱ्या पेटीच्या) कडेवर आपटून मागे येऊ शकतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून खाण्याआधी हात धुवायला लावा.

पण टार्गेटकडे जवळून बघा. अख्खं टार्गेट ४५.५ मिलिमीटरचं, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पूर्ण सामन्यात ६० गोळ्या, त्याही उभं राहून, आधाराशिवाय, साडेपाच किलोपर्यंत वजनाच्या रायफलीने. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाच्या कार्डावर यातून जे उमटतं ते बघून तो पुन्हा येईलच असं नाही. साठ गोळ्यांचा आंतरराष्ट्रीय नमुना जसाच्या तसा उचलू नका. वीस गोळ्या ठेवा आणि रायफल टेकवायला स्टँड द्या. स्टँड दिला तर 'खरी नेमबाजी' होत नाही असं नाक मुरडणारा एक तरी सभासद निघतोच. पॅरा नेमबाजीच्या एसएच-टू गटात, म्हणजे हाताने रायफलीचं वजन पेलू न शकणाऱ्यांच्या गटात, रायफल स्टँडवर ठेवूनच नेम धरतात आणि तिथले गुण बघून कोणाचीही मान खाली जाईल, एवढं त्याला सांगा.

या पर्यायाची खरी उणीव वेगळी आहे. यात सगळ्यांना सगळा वेळ एकच काम करायचं असतं. नेम धरणं, श्वास आणि ट्रिगर यांचं शिक्षण उत्तम होतं, पण 'पुढच्या महिन्यात काय नवीन?' या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

पॉइंट टू-टू: माझा कल इथे आहे

बारा माणसं असतील तर पॉइंट टू-टूच घ्या. कारण भौतिकशास्त्राचं आहे. साध्या वेगाची पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटरने निघते. झीरो ५० मीटरवर असेल तर १०० मीटरवर ती १५ ते २० सेंटिमीटर खाली लागते. मिलरेडियनच्या (कोनाच्या एका एककाच्या) स्कोपवर एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर, म्हणजे नवख्याला पंधरा-वीस क्लिक फिरवून त्याचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. मध्यम वारा आडवा आला तर गोळी हाताच्या पंजाएवढी सरकते. लांब पल्ल्याचा जवळपास सगळा अभ्यास शंभर मीटरमध्ये घडतो, तोही धक्का न बसता आणि काडतुसांवर फारसा खर्च न होता.

शिवाय स्टेज आयत्या मिळतात. एनआरएल ट्वेंटी-टू ही पॉइंट टू-टूच्या स्पर्धांची अमेरिकी पद्धत नेमकी यासाठीच आहे: दर महिन्याला ठरावीक स्टेज जाहीर होतात, अंतर १०० यार्डांपर्यंतच, आणि ठिकठिकाणचे क्लब त्याच स्टेज घेतात. तिच्यात रायफल आणि स्कोपच्या किमतीवर मर्यादा असलेला बेस गटही आहे, म्हणजे साध्या रायफलीचा माणूस महागड्या चॅसीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) रायफलीसमोर उभा राहत नाही. स्वतः स्टेज रचायची हौस असते, मलाही आहे. पण पहिल्या स्पर्धेला ती आवरा. बॅरिकेडची उंची, टार्गेटचा आकार, वेळ यांचा मेळ बसवण्यात स्वयंसेवकांच्या आठ संध्याकाळी जातात आणि तरी एक स्टेज फसतेच.

एका गोष्टीत तडजोड नको, ती म्हणजे टार्गेट कुठे लावायचं. स्टेजच्या स्पर्धेत माणूस कधी जमिनीवर असतो, कधी कमरेइतक्या उंच बॅरलवर. प्रत्येक जागेवरून नळी ते टार्गेट ही रेषा पुढे वाढवून बघा, ती मातीच्या बंधाऱ्यातच घुसली पाहिजे. बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे, कडक जमिनीवर टार्गेट ठेवलं तर चुकलेली शिशाची गोळी सपाट कोनात आपटून उसळते, आणि पॉइंट टू-टूची गोळी दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते हे तिच्या लहान आकारावरून कोणाला वाटत नाही. टार्गेट बंधाऱ्याला अगदी लगटून लावा. यात आणखी एक फायदा आहे: चुकलेल्या गोळीची धूळ टार्गेटच्या शेजारीच उडते, मग स्पॉटर 'अर्धा टार्गेट उजवीकडे' असं लगेच सांगू शकतो.

रेंजच्या परवान्यात उभं राहून किंवा तिरप्या रेषेत गोळीबार बसतो का, विम्यात स्पर्धा धरलेली आहे का, हे दोन प्रश्न तारीख जाहीर करण्याआधी विचारून घ्या.

पोलाद की कागद

पोलादाचा टण् आवाज नवख्याच्या चेहऱ्यावर जे करतो ते कागदाला जमत नाही. कोणाला पुढे जावं लागत नाही, त्यामुळे दर वेळी सीझ फायर पुकारून पाचही स्टेज थांबवाव्या लागत नाहीत. वेळेचं वरचं गणित याच गृहीतावर उभं आहे. पण पोलाद लागलं की नाही एवढंच सांगतं, आणि १०० मीटरवर पॉइंट टू-टूचा आवाज वाऱ्यात विरून जातो. तेव्हा स्पॉटरचा शब्द अंतिम, हे सकाळीच जाहीर करा.

कागद खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतो. रेषेला स्पर्श करणाऱ्या छिद्राला वरचा गुण द्यायचा हा नियम सोपा असला तरी गेज (छिद्र तपासायचं माप) घेऊन कार्डं तपासायला कोणीतरी तासभर बसतंच. मी चार स्टेज पोलादाच्या आणि एक कागदाची ठेवेन. कागदाची पहिली, प्रोन, ५० मीटर. तिथेच झीरो बरोबर आहे की नाही तेही कळतं. मात्र ही स्टेज वेगळ्या बेमध्ये (रेंजच्या स्वतंत्र कप्प्यात) किंवा खेचून आणता येणाऱ्या टार्गेटवर हवी, नाहीतर कार्ड बदलायला सगळी रेंज थांबते.

टार्गेटच्या आकारात उदार राहा. बायथलॉनमध्ये (स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोड-स्पर्धेत) ५० मीटरवर प्रोनसाठी ४५ मिलिमीटर आणि उभ्याने ११५ मिलिमीटरचं वर्तुळ असतं. ते स्पर्धक आयुष्य घालवून तिथे पोहोचलेले असतात. तुमच्या पहिल्या स्पर्धेत बॅरिकेडवरचं टार्गेट याहून लहान असेल तर निम्मी तुकडी शून्यावर उठेल.

जवळून बघण्यासारखी एक गोष्ट

नवखा स्टेजवर सगळ्यात जास्त कधी घसरतो? जागा बदलताना. टायरवरून दोन गोळ्या झाल्या, आता शिडीच्या दुसऱ्या पायरीवर जायचं आहे, घड्याळ चालू आहे. तो उठतो, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) बंद, बोट आत, नळी डावीकडे वळायला लागलेली. रेंज ऑफिसर टार्गेटकडे बघत असेल तर हे त्याला उशिरा दिसतं. त्याने बघायचं ते हाताकडे. जागा सोडण्याआधी बोल्ट मागे, आणि तो मागे आहे हे नेमबाजाने मोठ्याने सांगायचं: 'बोल्ट उघडा!' सकाळच्या सूचनांत हे वाचून दाखवणं पुरत नाही. रिकाम्या रायफलीने प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. ४० जणांचा अर्धा तास जातो, तो वेळापत्रकात आधीच धरा.

वेगासाठी जादा गुण ठेवू नका. बरोबरी फार होत असेल तर एकाच प्रोन स्टेजची वेळ नोंदवा आणि तेवढीच तोडगा म्हणून वापरा.

मधला आकडा आला तर

बारा नाहीत, चारही नाहीत, सात-आठ माणसं आहेत अशी अवस्था बहुतेक क्लबांची असते. तेव्हा पॉइंट टू-टूच घ्या, पण स्टेज तीन करा आणि स्पर्धक २४ वर थांबवा: तीन तुकड्या, आठ-आठ जण, सहा माणसं स्टेजवर, एक नोंदणीला, एक मोकळा. गोळीबार पावणेदोन तासांत संपतो. सातच असतील किंवा सकाळी कोणी ऐनवेळी आला नाही तर तिसरी स्टेज बंद करून दोन चालवा, पण खांद्याशी एकच माणूस ठेवून दोन स्टेज बघायला लावू नका. माणसं पाच किंवा त्याहून कमी झाली तर सरळ ओळीची पद्धत धरा. एअर रायफल असेल तर उत्तम, नसेल तर तीच पॉइंट टू-टू, ५० मीटर, प्रोन, कागद.

क्लबच्या रायफली चार-पाच तरी तयार ठेवा आणि त्यांच्यासाठी एकाच लॉटची (एकाच वेळी बनलेली) काडतुसं घ्या. लॉट बदलला की गोळीची जागा बदलते आणि नवखा दोष स्वतःला देतो. बक्षिसं ठेवायची तर चिठ्ठी काढून द्या. नोंदणीच्या अर्जात शेवटी एक रकाना टाका: 'पुढच्या वेळी टायमर धरायला शिकायला आवडेल का?' तिथे 'हो' लिहिणाऱ्यांची नावं त्याच संध्याकाळी वेगळी काढा आणि आठवड्याच्या आत त्यांना प्रशिक्षणाला बोलवा.