हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

घरातील सांडपाण्याच्या नळ्या वारंवार तुंबू लागल्यावर घेतलेली ही स्प्रिंग, म्हणजे डब्यात गुंडाळलेली सुमारे 6 मिलिमीटर जाडीची लवचीक पोलादी तार, आता बऱ्यापैकी वापरून झाली आहे. न्हाणीघरासाठी ती उत्तम, स्वयंपाकघरासाठी अर्धवट आणि मुख्य मैलावाहिनीसाठी निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

न्हाणीघराच्या नळीत केस आणि साबणाचा चिकटा यांचा गुंता होतो आणि तो तारेच्या टोकाला सहज अडकतो. तार जोर लावून ढकलली तर वळणावर दुमडते. त्यामुळे वीतभर तार बाहेर काढायची, डब्यावरचा, तार पकडून ठेवणारा स्क्रू आवळायचा, डब्याचा दांडा फिरवत ती आत सोडायची आणि मग पुन्हा स्क्रू सैल करायचा, हाच क्रम ठेवावा लागतो. एल्बोवर, म्हणजे नळीच्या वळणाच्या जोडावर, टोक ठणकन अडते, तर गाळात ते जड, ओढल्यासारखे फिरते. हा फरक थोड्या सवयीने हाताला कळतो. तार बाहेर घेतानाही दांडा त्याच दिशेने फिरवत राहावे, कारण उलट फिरवल्यास गुंडाळलेले केस सुटून नळीतच राहतात. काम झाल्यावर तार पुसून तिला तेलाचा हात फिरवला नाही तर ती गंजते, याचा उल्लेख माहितीपत्रकात ठळकपणे असायला हवा होता.

सिंकच्या बाबतीत मात्र पाणी वाहू लागले म्हणून नळी साफ झाली असे समजू नये. तेलकटपणा थंड होऊन नळीच्या आतल्या बाजूला थरावर थर बसतो; स्प्रिंग त्यातून फक्त बोगदा पाडते, आणि उरलेल्या थरावर नवे कण चिकटून तोच तुंबा पुन्हा तयार होतो. सिंकखालचा बॉटल ट्रॅप (गाळ साचणारा बाटलीसारखा भाग) उघडून तो आणि त्यापुढची नळी ब्रशने घासणे, आणि खरकटी भांडी धुण्याआधी कागदाने पुसणे, यांमुळे आमच्याकडे जो फरक पडला तो स्प्रिंगने पडला नव्हता. उकळते पाणी ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण पीव्हीसीची नळी उकळत्या पाण्यासाठी नसते. तिचे सांधे ढिले पडू शकतात.

कॉस्टिक सोडा चरबीवर काम करतो हे खरे, परंतु तो पाण्यात विरघळताना बरीच उष्णता सोडतो आणि ॲल्युमिनियमशी त्याची तीव्र अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो. रसायन टाकूनही पाणी उतरले नसेल, तर त्याच पाण्यात स्प्रिंग घालू नये. तारेबरोबर उडणारे शिंतोडे डोळ्यांत जाऊ शकतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र येऊ देणे तर सर्वांत वाईट, कारण त्यातून क्लोरीन वायू तयार होतो.

वॉशिंग मशीनचे पाणी सुटताच न्हाणीच्या जाळीतून वर येत असेल, किंवा कमोड आणि मोरी एकाच वेळी तुंबत असतील, तर अडथळा एखाद्या फाट्यात नसून पुढे आहे. अशा वेळी बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे: चेंबर काठोकाठ भरलेले असेल तर अडथळा त्याच्या पुढे, आणि घरात पाणी सोडूनही ते कोरडे राहत असेल तर घर आणि चेंबर यांच्या दरम्यान. (पाहणे वरूनच; आतील विषारी वायू जिवावर बेततात.) सुमारे 110 मिलिमीटर व्यासाच्या मुख्य नळीत ही बारीक तार स्वतःभोवतीच गुंडाळत राहते, त्यामुळे तिथे मोटारीवरची जाड स्प्रिंग किंवा पाण्याचा जोरदार झोत असलेले जेटिंग लागते. तेवढे करूनही तुंबा परत परत येत असेल, तर सांध्यातून शिरलेली झाडाची मुळे किंवा मध्येच खचून उतार गमावलेली नळी यांचा संशय घ्यावा आणि पुढच्या साफसफाईचे पैसे देण्यापूर्वी नळीत कॅमेरा घालून पाहण्याचा आग्रह प्लंबरकडे धरावा.