पसारा आवरून आठ महिने झाले: आमच्या टॅक्स ऑफिसचा अनुभव

गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, आम्ही ऑफिसातला कॉम्प्युटर-मोबाइलचा पसारा आवरायला घेतला. आता जानेवारी संपत आलाय. मधल्या काळात १६ सप्टेंबरपर्यंतची इन्कम टॅक्सच्या विवरणपत्रांची धावपळ झाली, २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, ऑडिट रिपोर्टची मुदत दोनदा वाढून १० नोव्हेंबरवर गेली. एवढं सगळं अंगावरून गेल्यावर लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

आमचं ऑफिस सांगलीत, गणपती पेठेजवळ. सर, आम्ही आठ जण आणि २४० च्या आसपास पार्ट्या, म्हणजे ज्यांचं टॅक्सचं काम आम्ही बघतो ते लोक. हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, एक-दोन शीतगृहं, बाकी किरकोळ दुकानदार. मी इथे चौदा वर्षं आहे. रिटर्न भरण्यापासून कागद लावण्यापर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं.

पसारा झाला कसा, ते आधी सांगायला हवं. आमच्याकडे तो आळसातून झाला नव्हता, भीतीतून झाला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उघडलं तेव्हा फाइलींचा लगदा झाला होता आणि सीपीयू हलवला की आतून चिखल गळत होता. त्यानंतर सरांनी एकच गोष्ट मनात धरली: प्रत्येक कागदाची कॉपी जितक्या जागी ठेवता येईल तितक्या जागी ठेवायची. पेनड्राइव्ह, तीन हार्ड डिस्क, दोन जीमेल खात्यांची ड्राइव्ह, प्रत्येकाच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप. ऑफिस वरच्या मजल्यावर आलं, पण ती सवय तशीच राहिली. सहा वर्षांत अशी वेळ आली की कागद हरवत नव्हता, पण सापडतही नव्हता.

एप्रिलमध्ये एका सोमवारी मी वहीत रेघा मारल्या. "ते कुठे ठेवलंय?" हा प्रश्न कुणी कुणाला विचारला की एक रेघ. संध्याकाळपर्यंत ३१ झाल्या. ती वही मी सरांच्या टेबलावर ठेवली आणि काम सुरू झालं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो व्हॉट्सअ‍ॅपमुळे. पूर्वी पार्टी ज्याला ओळखते त्याच्या फोनवर बिलांचे फोटो पाठवायची. तो माणूस रजेवर गेला की बिलंही रजेवर. आम्ही ऑफिसचा एक नंबर घेतला, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाकलं. एका नंबरला फोन सोडून आणखी चार उपकरणं जोडता येतात, तेवढी आम्हाला पुरतात. आलेला फोटो त्याच दिवशी पार्टीच्या फोल्डरमध्ये जातो आणि मग त्या चॅटचं "आलं" हे लेबल काढून "उतरवलं" लावायचं. लेबलं फक्त चार ठेवलीत. सुरुवातीला अकरा केली होती, तेव्हा कुणीच लावत नव्हतं.

पार्ट्यांना वळवायला मात्र दोन महिने गेले. अडत दुकानाचे एक काका मला म्हणाले, "ताई, तुमच्याच नंबरवर पाठवतो, तिकडं कोण बघतंय काय माहीत." त्यांचं चूक नव्हतं. दहा वर्षं ते माझ्या भरवशावर कागद पाठवत होते. मग मी त्यांना ऑफिसच्या नंबरवरूनच फोन करू लागले. माझा आवाज तिथे ऐकू आला तेव्हा त्यांची खात्री पटली.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण हा घोळ बहुतेक अकाउंट ऑफिसांत असणार. टॅलीत प्रत्येक पार्टीच्या हिशेबाच्या डेटाला "कंपनी" म्हणतात. पार्टी महिन्याला बॅकअप पाठवते, आपण तो रिस्टोअर करतो, म्हणजे आपल्या टॅलीत उघडतो. जागा नीट बघितली नाही की जुनी कंपनी तशीच राहते आणि शेजारी नवीन येते. आमच्याकडे टॅली उघडली की एका हळद व्यापाऱ्याच्या नावाच्या चार कंपन्या दिसायच्या. नाव एकच, फक्त पुढचा नंबर वेगळा. मार्चमध्ये आमच्या नव्या मुलीने दोन दिवस बसून खरेदीची बिलं टाकली, ती नेमकी मागच्या वर्षीच्या कॉपीत. ती रडवेली झाली होती. मला तिची चूक वाटली नाही, चारही नावं सारखी असतील तर कुणीही फसेल.

आता डेटाच्या फोल्डरमध्ये चालू वर्षाची एकच कंपनी असते. बाकी सगळं "जुने" नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, कंपनीच्या नावात वर्ष घालून. पुसलं काहीच नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे आवरणं म्हणजे पुसणं असं आमच्या धंद्यात चालत नाही. २२ सप्टेंबरला दर बदलले तेव्हा याचा फायदा कळला. किराणा दुकानदारांचं तूप, लोणी १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर. आयटमचे दर प्रत्येक पार्टीच्या एकाच कंपनीत बदलायचे होते. चार-चार कॉपी असत्या तर कुठली बदलली आणि कुठली राहिली हे शोधण्यात दिवाळी गेली असती.

डिजिटल सहीची टोकनं, म्हणजे ज्यात सही साठवलेली असते ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, त्यांचा ड्रॉवर ही ऑफिसातली सगळ्यात अवघड जागा होती. ६४ टोकनं, काहींवर चिकटपट्टीवर नाव, काहींवर नुसता मोबाइलचा शेवटचा आकडा. टोकनांचे प्रकार दोन, ईपास आणि प्रॉक्सकी; कॉम्प्युटरवर टोकन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, दोन्हींचा वेगळा. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर असले की सही करताना भलतंच सर्टिफिकेट पुढे यायचं. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा पडला की टोकन लॉक. आम्ही एक-एक लावून तपासलं. २३ टोकनांची मुदत कधीच संपलेली निघाली. उरलेल्यांपैकी बरेचसे एकट्या मालकाच्या धंद्याचे. जीएसटीत नोंदणीकृत कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) डिजिटल सही लागतेच, पण एकट्या मालकाला मोबाइलवरच्या ओटीपीने रिटर्न भरता येतं. ती टोकनं आम्ही मालकांना परत केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की सहीच्या खासगी किल्लीवर ज्याची त्याने नीट ताबा ठेवायचा. दुसऱ्याची सही आपल्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून असणं मला फार दिवसांपासून खटकत होतं. आता कंपन्यांची टोकनंही काम झालं की परत जातात, आणि रजिस्टरवर नेणाऱ्याची सही होते. दहा तारखेच्या आसपास हेलपाटे वाढलेत, हे खरं. ते मला मान्य आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. जूनमध्ये एका पार्टीला जीएसटी रिटर्नमधल्या तफावतीबद्दल एएसएमटी-१० नोटीस आली होती. उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवस. आम्हाला कळलं चोवीसाव्या दिवशी, कारण जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेला ईमेल चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या आमच्याच एका सहकाऱ्याचा होता. उत्तर वेळेत गेलं, पण ते सहा दिवस मी नीट झोपले नाही. त्यानंतर सगळ्या २४० पार्ट्यांचे पोर्टलवरचे ईमेल आणि मोबाइल तपासले. ४१ ठिकाणी चुकीचे किंवा बंद निघाले. हा बदल नॉन-कोअर, म्हणजे किरकोळ दुरुस्तीत बसतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आता तिथे मालकाचा स्वतःचा नंबर असतो आणि दर सोमवारी आम्ही पोर्टलवर नोटिसांचं पान उघडून बघतो. कुणाला यातली एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा. कॉम्प्युटर कितीही जुना असू द्या, नोटीस भलत्याच्या मेलवर जाता कामा नये.

फसलं तेही सांगते. कामं वाटायला आम्ही एक अ‍ॅप विकत घेतलं होतं. दिसायला छान, पण ते सहा आठवडेच टिकलं. रिटर्न भरायचं पोर्टलवर, त्याची नोंद टॅलीत, पार्टीला कळवायचं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि शिवाय अ‍ॅपमध्ये जाऊन टिक करायची. पसारा कमी करायला आणलेली वस्तू पसाऱ्यातच बसली. पैसे गेले. त्याऐवजी एक सामायिक शीट केली: उभी पार्ट्यांची नावं, आडव्या तारखा. ७ ला टीडीएसचा (कापून घेतलेल्या टॅक्सचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा विमा), २० ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न), आणि तिमाही रिटर्न भरणाऱ्यांचं ३बी महाराष्ट्रात २२ ला. दाराजवळच्या पांढऱ्या फळ्यावर फक्त त्या आठवड्यात राहिलेली नावं. फळ्याला पासवर्ड लागत नाही आणि चहा घेऊन येता-जाता सगळ्यांची नजर त्यावर पडते.

दुसरी चूक माझी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार म्हणून आठपैकी जे तीन कॉम्प्युटर ११ घेऊ शकत नव्हते ते काढायचं ठरलं. त्यातला एक मी घाईने रिकामा करून दिला. फाइली सगळ्या घेतल्या होत्या, पण त्या मशीनवर श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचे फाँट होते. संस्थांना आणि नगरपालिकेला पाठवलेली बारा वर्षांची मराठी पत्रं दुसरीकडे उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आमच्या मोठ्या अकाउंटंट काकांनी ती पत्रं स्वतः लिहिली होती. ते काही बोलले नाहीत, फक्त मॉनिटरकडे बघत बसले. महत्त्वाची पत्रं कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत आणली, पण जोडाक्षरं तुटतात, प्रत्येक ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. अजून ६० च्या आसपास उरलीत. जुनं मशीन काढण्याआधी त्यावर मराठी कशात टाइप केलंय ते बघा, ही माझी कळकळीची विनंती.

हे अकाउंटंट काका स्वतः खिशातला पेनड्राइव्ह सोडायला तयार नव्हते. २०१९ ला त्यांच्या घरातही पाणी होतं. त्यांची भीती खरी होती, म्हणून बॅकअप कमी करताना मी त्यांनाच बरोबर घेतलं. आता एक मुख्य कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क आणि पैसे भरून घेतलेली एक क्लाउड जागा. फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, ते कधीच भरले होते. एक डिस्क ऑफिसात, दुसरी माझ्या मिरजेच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. आणि तीन महिन्यांतून एकदा काका कुठल्याही पार्टीचं नाव सांगतात आणि आम्ही तो डेटा डिस्कवरून परत आणून दाखवतो. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पाच नावं सांगितली, पाचही आली. त्या दिवशी पेनड्राइव्ह त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

बाकीचं पटकन सांगते. तीन प्रिंटरपैकी एक ठेवला, स्कॅनर त्यातच. लांबून कॉम्प्युटर चालवायची तीन सॉफ्टवेअर होती, एक ठेवलं आणि सोडून गेलेल्या माणसांचे पासवर्ड काढले. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन पीडीएफ सॉफ्टवेअरची वर्गणी बंद केली. वर्षाला साधारण २६ हजार वाचले, त्यातले निम्मे क्लाउडवर आणि डिस्कवर गेले. पैशासाठी हे करू नका, तेवढे वाचत नाहीत. वाचतो तो जीव. जुलै २०२४ ला शेवटच्या आठवड्यात आम्ही रात्री अकराला घरी जात होतो. या वेळी १५ सप्टेंबरला पोर्टल अडखळत असूनही आठला कुलूप लावलं.

गेल्या सोमवारी पुन्हा वहीत रेघा मारल्या. सात आल्या. त्यातल्या चार माळ्यावरच्या कागदी फाइलींबद्दल होत्या, आणि दोन आमच्या स्वतःच्या फोनमध्ये राहिलेल्या जुन्या फोटोंबद्दल. पार्ट्यांची आधार कार्डं, बँक पासबुकं अजून आमच्या गॅलरीत मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये मिसळलेली आहेत. फेब्रुवारीतले दोन शनिवार त्यासाठी ठरवलेत, मार्च सुरू व्हायच्या आत.