खांबाला लागलेला गुलाल

भुलेश्वरला काढलेले फोटो घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तेव्हा आधी वाटलं, कडेच्या खांबांना कुणीतरी गुलाल फासलाय. मधलं कोरीवकाम काळंभोर आणि दोन्ही बाजूंना जांभळट-गुलाबी झाक. दुसरा फोटो उघडला, तेच. चारपाच फोटो झाल्यावर ट्यूब पेटली. गुलाल देवळात नव्हता, मी ४२ हजार मोजून घेतलेल्या लेन्समधून येत होता.

जुन्या देवळांचे आतले फोटो काढायची मला हौस आहे. यवतजवळचं भुलेश्वर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आतली वाट एवढी अरुंद की जरा मागे सरकायला जावं तर पाठ भिंतीला लागते. तिथे १५ एमएमच हवी, म्हणजे जवळून खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स. सॅमयांगची १४ एमएम स्वस्तात मिळाली असती, पण ती अर्ध्या किलोच्या वर, पुढची काच बाहेर फुगलेली, आणि असलं धूड गळ्यात दिसलं की पुजारीबुवा लगेच ‘कुठल्या चॅनेलचे?’ म्हणून विचारतात. म्हणून व्हॉइग्टलेंडरची सुपर वाइड हेलियार १५ एमएम, एफ ४.५ शोधत होतो. खिशात मावणारी, हाताने फोकस करायची. एफ ८ वर, म्हणजे आतलं भोक बारीक करून ठेवून फोकस १ मीटरच्या खुणेवर आणला की अर्ध्या मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. मग फोकसला हातही लावायला नको.

पण याच नावाच्या लेन्सची तीन व्हर्जन आहेत आणि सगळी गोम तिथेच आहे. जपानची कोसिना कंपनी ही लेन्स १९९९ पासून बनवते. पहिली दोन व्हर्जन फिल्मच्या हिशेबाने केलेली. त्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते, त्यामुळे कडेचे किरण फार तिरके पडतात. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरवर मात्र काचेचा थर असतो, तिरके किरण त्यातून जाताना कडेला रंग बिघडतो आणि बारकावे फिस्कटतात. २०१५ मध्ये तिसरं व्हर्जन आलं, त्यात आतली रचनाच बदलली आणि हा त्रास गेला. माझ्याकडे सोनीची फुल फ्रेम बॉडी आहे, फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेला डिजिटल कॅमेरा, म्हणजे मला तिसरंच हवं होतं. एवढा अभ्यास मी केला होता बरं का. तरी फसलो.

विकणारा गोड बोलणारा होता. ‘थर्ड व्हर्जनच आहे सर, डोळे झाकून घ्या.’ नमुन्याला त्याने आठ फोटो पाठवले, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. मला वाटलं, माणूस रसिक आहे! भेटलो टिळक रोडवरच्या एका अमृततुल्यात. मी माझा कॅमेरा बॅगेतून काढायला लागलो तर म्हणाला, ‘कशाला सर, माझ्या बॉडीवर अडॅप्टर, लेन्स जोडायची रिंग, लावलेलाच आहे, यातच बघा.’ बघितलं. कडा स्वच्छ. चित्र जरा कमी रुंद वाटलं, पण १५ एमएममधून मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. म्हटलं, असेल एवढंच. चहा त्यानेच पाजला. मी तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवले.

त्याच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी क्रॉप चालू होता, हे आता कळतंय. त्यात सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो. गुलाबी झाक आणि फिस्कटलेले कोपरे जिथे असतात तो भाग कापला जातो, आणि व्ह्यूफाइंडर मात्र पूर्ण भरलेला दिसतो. कोपऱ्यात एक बारकं चिन्ह येतं तेवढंच. बरं, मूळ फाइल मागितली असती तरी पकडला असता. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली फाइल १० मेगापिक्सेलची का, हे विचारता आलं असतं. मी व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंवर खूश होतो.

भुलेश्वरहून आल्यावर त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘सर, मॅन्युअल लेन्स आहे, तुमचा फोकस चुकतोय. हात बसायला वेळ लागतो.’ आणि मला ते पटलं! दोन आठवडे मी गच्चीत उभा राहून समोरच्या इमारतीवर फोकसचा सराव करत होतो. फोकस चुकला तर रंग कशाला बदलेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मॅन्युअल लेन्समध्ये विकणाऱ्याची ही मोठी सोय असते, दोष काचेचा असला तरी हाताच्या नावावर खपतो.

शेवटी मुंबईला काम निघालं तेव्हा बोरा बाजारातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी लेन्स नुसती तळहातावर तोलली, उघडलीही नाही. ‘तिसरं? एवढं हलकं?’ घरी येऊन बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवली, दीडशे ग्रॅमच्या आसपास भरली. तिसरं व्हर्जन २४७ ग्रॅमचं आहे. जिचा हलकेपणा मी महिनाभर सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो, तोच पुरावा होता. तिसऱ्याला ५८ एमएमचा फिल्टर बसतो. तोही हिला बसेना.

मग एका मित्राने जुना स्क्रीनशॉट काढून दिला. तोच माणूस, तीच लेन्स, हुडवर तोच ओरखडा. चार महिन्यांपूर्वीच्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं, ‘सेकंड व्हर्जन, फिल्म कॅमेऱ्यासाठी उत्तम’. किंमत २६ हजार. म्हणजे अज्ञान वगैरे काही नव्हतं. स्क्रीनशॉट त्याला पाठवला, निळ्या टिका आल्या, आणि नंबर ब्लॉक. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, ‘वस्तू मिळाली ना? चालते ना?’ चालते. काय सांगणार त्यांना!

तुम्ही घेणार असाल तर आपली बॉडी न्या, क्रॉप बंद आहे ना बघा, आणि एफ ८ ला पांढऱ्या भिंतीचा एक रंगीत फोटो काढा. भिंत नसेल तर आभाळ चालेल. अर्धं मिनिट लागतं. जमलं तर खिशात छोटा वजनकाटाही टाका, हसेनात का लोक.

लेन्सचा बिचारीचा काही दोष नाही, फिल्मवर ती छान चालते म्हणतात. आता मीच ती विकायला काढलीय, २४ हजारांना. जाहिरातीत पहिलीच ओळ टाकलीय, ‘दुसरं व्हर्जन आहे, डिजिटल फुल फ्रेमवर कडा गुलाबी येतात.’ तीन आठवड्यांत एकच फोन आला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काही कळत नाही ना?’