‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड’ म्हणून जुना मॉनिटर गळ्यात मारला

फोटो एडिटिंगसाठी कमी बजेटमधला मॉनिटर शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. नवा म्हणून मला विकलेला मॉनिटर वापरलेला निघाला. आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडद्याचा प्रकार) म्हणून विकलेलं पॅनेल टीएन (पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलणारा प्रकार) निघालं. सोबतचा कॅलिब्रेशन रिपोर्ट (रंग मोजून जुळवल्याचा कागद) तर भलत्याच मॉनिटरचा होता. विक्रेत्याचं नाव देत नाही. नाव तो उद्या बदलेल, पण पद्धत ओळखता आली तर तो कुठल्याही नावाने आला तरी सापडेल.

जाहिरातीत लिहिलं होतं: २४ इंच, आयपीएस, १००% एसआरजीबी, फॅक्टरी कॅलिब्रेटेड, डेल्टा ई २ पेक्षा कमी. फोटोचं काम करणारा माणूस हेच शब्द शोधत असतो. एसआरजीबी म्हणजे रंगांची एक ठरवून दिलेली व्याप्ती. वेबवरचे फोटो आणि बऱ्याचशा लॅबकडे छपाईला जाणाऱ्या फाइल्स एसआरजीबीमध्ये असतात, त्यामुळे तेवढे रंग स्क्रीनवर नीट दिसले तरी रोजचं काम भागतं. डेल्टा ई म्हणजे जो रंग दिसायला हवा आणि जो प्रत्यक्ष दिसतो, त्यांतला फरक. तो २ च्या आत असेल तर डोळ्याला सहसा जाणवत नाही. किंमत बाकीच्यांपेक्षा कमी होती, पण शंका यावी इतकीही नाही. असं विकणाऱ्यांना हे गणित चांगलं जमतं.

पहिली खूण छपाईत दिसली. पोर्ट्रेटमधली कातडी स्क्रीनवर फिकट, निस्तेज दिसायची, म्हणून लाल आणि सॅच्युरेशन वाढवून फाइल्स पाठवल्या. प्रिंट आल्या तर चेहरे उन्हात भाजल्यासारखे लालबुंद. ज्या मॉनिटरची रंगांची व्याप्ती तोकडी असते, त्यावर हमखास असंच होतं. गडद लाल त्याला दाखवताच येत नाही, मग आपण डोळ्यांच्या समाधानासाठी तो फाइलमध्ये ओतत राहतो. लॅबचा यात काहीही दोष नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी पहिला राग लॅबवरच निघतो.

मग स्क्रीनभर एकच मध्यम राखाडी रंग लावला. वरची कड गडद, खालची कड फिकट. खुर्चीतून खाली सरकून स्क्रीनकडे खालून पाहिलं, तर फोटोतल्या सावल्या उजळ आणि उजेडाचे भाग काळपट, जवळजवळ निगेटिव्ह. हे टीएन पॅनेलचं लक्षण आहे. आयपीएसमध्ये तिरकं पाहिलं तर काळा रंग कोपऱ्यात थोडा चमकतो, पण चित्र उलटं होत नाही. ही तपासणी कोणत्याही उपकरणाशिवाय होते आणि मिनिटभरही लागत नाही.

यानंतर मॉनिटरची ओळख तपासली. प्रत्येक मॉनिटर केबलमधून कॉम्प्युटरला स्वतःबद्दल थोडी माहिती पाठवतो: उत्पादकाची तीन अक्षरी खूण, मॉडेलचा कोड, बहुधा तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि ती वाचणारे छोटे प्रोग्रॅम फुकट मिळतात. माझ्या मॉनिटरने सांगितलेला उत्पादक खोक्यावरच्या ब्रँडशी जुळत नव्हता आणि वर्ष बरंच जुनं होतं. मागचं स्टिकर जरा जाड वाटत होतं. कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं, पिवळट पडलेलं स्टिकर. त्यावर वेगळं मॉडेल, वेगळा सीरियल नंबर.

रिपोर्ट तेव्हा नीट पाहिला. कागद गुळगुळीत, आलेख रंगीत, पण अक्षरांच्या कडा पुसट, म्हणजे स्कॅन करून छापलेला. त्यावरचा सीरियल नंबर दोन्ही स्टिकरांशी जुळेना. जाहिरातीतला रिपोर्टचा फोटो मोठा करून पाहिला, तर त्यावरही तोच नंबर! कॅलिब्रेशन रिपोर्ट एका मॉनिटरचा, त्याच्याच मोजमापाचा असतो. इथे एकच कागद प्रत्येक खोक्यात टाकला जात होता. ओळखीच्या फोटोग्राफरकडून कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण) आणून मोजलं, तर एसआरजीबीचा जेमतेम ६०% भाग भरला.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: “मॅडम, तुम्ही कॅलिब्रेट करून घ्या, सगळं ठीक होईल.” ही शुद्ध दिशाभूल आहे. कॅलिब्रेशनने व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) आणि गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) जागेवर येतात. जे रंग पॅनेलला दाखवताच येत नाहीत, ते कुठून येणार? पुढे सील तोडलं म्हणून परत घेणार नाही, मग फोटोत काही कळत नाही, मग उत्तरच नाही. शेवटी दोन स्टिकर, रिपोर्ट, ईडीआयडीचा स्क्रीनशॉट आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ जोडून पेमेंट कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा पैसे परत आले. “रंग बरोबर नाहीत” एवढंच लिहिलं असतं तर तो मतभेद ठरला असता. वर्णनात नवा आयपीएस आणि हातात जुना टीएन, हे मात्र कागदावर सिद्ध होतं.

काही जाहिराती याहून सभ्य असतात. त्यांत खोटं काही नसतं, फक्त माप झाकलेलं असतं. ‘४५% एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर तो मॉनिटर फोटोसाठी घेऊच नका. एनटीएससी हे १९५३ चं टीव्हीचं माप आहे आणि त्याचे ४५% म्हणजे एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५%. ७२% एनटीएससी क्षेत्रफळाने एसआरजीबीइतकं भरतं, तरी आलेखावर दोन्हींच्या रंगव्याप्तीचे त्रिकोण एकमेकांवर नेमके बसतीलच असं नाही. म्हणून ‘कव्हरेज’ किती, म्हणजे एसआरजीबीतले किती टक्के रंग खरोखर दिसतात, हेच विचारा. ‘१२०% एसआरजीबी’ हा आकडा क्षेत्रफळाचा असतो आणि त्यातही काही रंग सुटलेले असू शकतात. रंगांची संख्या १ कोटी ६२ लाख लिहिली असेल, तर पॅनेल ६ बिटचं आहे (प्रत्येक मूळ रंगाच्या छटा ८ बिटपेक्षा कमी) आणि मधल्या छटा फसव्या पद्धतीने भरल्या जातात. आकाशाच्या निळ्यात पट्टे दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच. कॉन्ट्रास्ट म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागातलं प्रमाण; त्यातला लाखांतला ‘डायनॅमिक’ आकडा सोडून द्या. साध्या आयपीएसचा खरा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास असतो आणि फोटोसाठी तो पुरतो. ‘एचडीआर (उजेड-काळोखातला जास्त फरक दाखवणारं चित्र) सपोर्ट’ म्हणजे अनेकदा एवढंच, की मॉनिटर तो सिग्नल घेतो. दाखवू शकतो असं नव्हे.

स्वस्तातही चांगला मॉनिटर मिळतो, यावर माझा अजूनही विश्वास आहे. फुल एचडी, ८ बिट, आयपीएस, एसआरजीबीचं पूर्ण कव्हरेज, ब्राइटनेस १०० ते १२० निट्सपर्यंत (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) खाली आणता येईल असा. ४के किंवा वक्र स्क्रीनसाठी यातलं काही सोडू नका. विकत घेण्याआधी विक्रेत्याला लेखी तीन गोष्टी विचारा: पॅनेलचा प्रकार कोणता, एसआरजीबी कव्हरेज किती, आणि रिपोर्टवरचा सीरियल नंबर मॉनिटरवरच्या नंबराशी जुळेल का. तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर तिथून घेऊ नका. मॉनिटर आला की परतीची मुदत संपायच्या आत राखाडी स्क्रीन, खालून पाहणं आणि ईडीआयडी ही तिन्ही कामं त्याच दिवशी उरका, आणि तोवर खोकं, थर्माकोल, पिशव्या काही टाकू नका.